कलती वाटी

चौथी शिकलेल्या बाईने दिवाळी अंकात काय लिहायचं, असं मी संपादकांना विचारलं. त्यांच्या सासूबाईंचा गुडघा मी दोन महिने सांभाळला होता, म्हणून ओळख. ते म्हणाले, "मावशी, कामाबद्दल लिहा. बोलता तसंच लिहा." मी बोलते तसं लिहिलं तर अर्धं पनवेल माझ्यावर रागावेल. पण आता काम सोडलं आहे. रागावलं तर रागावू दे.

आईबाप वीटभट्टीवर होते. मी आधी हाडांच्या एका दवाखान्यात आया होते. ऑपरेशनच्या खोलीतली फरशी पुसणं, पेशंटला भांडं देणं, कपडे बदलणं ही कामं. पुढे घरकामाला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून लोकांच्या घरी जायला लागले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस घरी आलं की त्याच्याबरोबर चोवीस तास राहायचं, ते आपल्या पायाने फिरायला लागलं की निघायचं. असे शे-दीडशे गुडघे माझ्या हाताखालून गेले. या कामात बाईला नाव नसतं. सगळ्यांची ती मावशी. माझ्या आईच्या वयाच्या बायकाही मला मावशी म्हणायच्या.

माझी स्वतःची खोली करंजाड्याला आहे. महिन्यातून दोनदा जायचं, कुलूप काढायचं, झाडायचं, पुन्हा कुलूप. समोरच्या दारातली बाई बरेच दिवस मला त्या घराची साफसफाई करणारी समजत होती. एकदा म्हणाली, "आमच्याकडे पण याल का? तुमची मालकीण तर कधी दिसतच नाही." मी म्हटलं, "मलाही दिसत नाही."

आता गुडघ्याचं सांगते. डॉक्टर लोक फार अवघड करून सांगतात. गुडघ्यात आतली एक बाजू असते, बाहेरची एक, आणि समोर वाटी. आपल्याकडच्या बायकांची बहुतेक आतली बाजू आधी झिजते, पाय धनुष्यासारखे होतात. सगळाच गुडघा खराब झाला तर सगळा बदलतात. नुसती आतली बाजू खराब असेल तर तेवढीच बदलतात, धातूची टोपी आणि मध्ये प्लास्टिक. याला आम्ही अर्धा गुडघा म्हणतो. अर्ध्या गुडघ्याचं माणूस लवकर उभं राहतं. वाटी मात्र त्याची स्वतःचीच राहते, जन्माला आली तशी. हे शेवटचं वाक्य मी दवाखान्यात कितीदा ऐकलं असेल. त्याचा अर्थ मला काम सोडायच्या थोडं आधी कळला.

माझं काम साधं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याखाली नाही. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, म्हणून प्रत्येक माणूस चोरून घेतो, आणि मग पाय सरळ होत नाही. पेशंटच्या उशा मी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची, त्यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत. दिवसातून चारदा बर्फ. मांडी आवळून धरायचा व्यायाम. टाच गादीवरून घासत जवळ आणायची. मग वॉकर, मग काठी, मग जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पाय वाकवताना मी वाटीवर तळवा ठेवते. तिथे कळतं, आत काय चाललं आहे ते. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम पहिले आठ दिवस येतात, पुढचं आमच्यावर सोडतात.

सगळ्यात लवकर बरी झालेली बाई म्हणजे वेणूबाय. उरणच्या बाजूची, मिठागरावर आयुष्य गेलेली. जमिनी गेल्या, पैसा आला, मुलांनी तीन मजली बंगला बांधला आणि तिला खुर्चीत बसवलं. अर्धा गुडघा झाल्यावर पंधराव्या दिवशी सकाळी मी बघते तर वेणूबाय पलंगावर नाही. मागच्या दारी पाटावर बसून कोलंबी सोलत होती.

मी ओरडले, "वेणूबाय, उठा. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही सांगितलंय."

"डॉक्टरनी कोलबी सोलली हाय का कंदी?" ती म्हणाली. "आमी अक्का जनम मिठागरान उभ्या राहिलो. माज्या गुडघ्याला काय होत नाय. तू बस न् लसूण सोल."

मी बसले आणि लसूण सोलला. तिच्या वाटीवर हात ठेवला की ती लोण्यात सुरी जावी तशी सरळ खाली जायची, सरळ वर यायची. महिन्याभरात ती तीन मजले चढून गच्चीवर सुकट वाळत घालायला लागली. मला वाटलं, हिंमत असेल तर असं होतं.

दुसरे इब्राहिमचाचा. पनवेलच्या मोहल्ल्यातले, लाकडाच्या वखारीचे मालक. त्यांना एकच काळजी, नमाजात कपाळ जमिनीला टेकवून सजदा कधी करता येईल. मी म्हटलं, "चाचा, खुर्चीवर बसून नमाज चालते की." ते म्हणाले, "अल्लाहला चालते. मला चालत नाही. खुर्चीवर बसलो की वखारीत गल्ल्यावर बसल्यासारखं वाटतं." दोन महिन्यांनी गादीची घडी गुडघ्याखाली घेऊन टेकले. त्यांचीही वाटी सरळ जायची. अशा लोकांनीच माझं डोकं बिघडवलं. माझ्या मनात एक हिशेब पक्का बसला: अर्धा गुडघा, दीड महिना, जिना. ज्याचं तेवढ्यात झालं नाही तो अंगचोर.

अशात मी शरयूताईंकडे गेले. त्यांचाही अर्धा गुडघा.

शरयूताई म्हणजे मुलींना शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या बाई. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. पनवेल गावातल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. लिफ्ट नाही. चौतीस पायऱ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी अनघा बंगळुरूला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नाव विचारलं. मी म्हटलं, "मावशी म्हणा." त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्याहून लहान आहात. नाव सांगा." मी यमुना सांगितलं. तेव्हापासून मी त्यांची यमुनाबाई. लाडीगोडी त्यांना जमत नव्हती, मलाही नाही. आमचं बरं चाललं होतं.

ऑपरेशनच्या आधीच मायलेकींचं ठरलं होतं. अनघाने माझ्यासमोर आईला पुन्हा सांगितलं, "अडीच महिन्यांनी मी येईन. तोवर तू एकटी जिना उतरून चढून दाखवलास तर राहा इथे. नाही तर घर विकायला काढायचं आणि तू माझ्याकडे यायचं. मला तिकडे झोप लागत नाही." मुलगी वाईट नव्हती. आई एकदा त्याच जिन्यात पडली होती आणि तासभर कोणाला कळलं नव्हतं. शरयूताई म्हणाल्या, "दाखवेन." आणि मला हळूच म्हणाल्या, "यमुनाबाई, मला हे घर सोडायचं नाही. तिथे मला कोण ओळखतं? इथे खाली उतरलं की चार माणसं तरी विचारतात, टिपणीसबाई, दिसला नाहीत."

मी म्हटलं, "दीड महिन्यात उतराल."

टाके निघेपर्यंत सगळं छान झालं. सपाट जमिनीवर त्या माझ्यापुढे चालायच्या. स्वयंपाकघरात उभं राहून पोळ्या केल्या. पण जिना आला की थांबायच्या. चढायला कशाबशा तयार व्हायच्या. उतरायचं म्हटलं की दोन पायऱ्या, तीन पायऱ्या, आणि कठडा घट्ट धरून उभ्या. "समोर दुखतं," म्हणायच्या. "आत कोणी तरी पाचर मारल्यासारखं."

मी म्हणायची, "सगळ्यांना दुखतं. पुढे चला."

वाकवताना मी वाटीवर तळवा ठेवायची. त्यांची वाटी सरळ जात नव्हती. वाकत आलं की बाहेरच्या अंगाला सरकायची, जराशी अडायची, आणि मग कट करून जागेवर यायची. हे माझ्या हाताला पहिल्या आठवड्यातच लागलं होतं. मी काय समजले? समजले, की बाई पाऊल बाहेर फिरवून पाय वाकवायचं टाळते. मी म्हणायची, "पाऊल सरळ ठेवा, ताई. अंग चोरू नका."

"सरळच आहे हो," त्या म्हणायच्या.

"मग वाटी का पळते?"

त्या पायाकडे बघायच्या, पाऊल आणखी आत घ्यायच्या आणि ओठ मिटून पुन्हा वाकवायच्या. मी त्यांना वेणूबायची कोलंबी ऐकवली. एकदा नाही, दहादा. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमची ती वेणूबाय माझ्या स्वप्नात येते. कोलंबीची पाटी घेऊन." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आमच्या कामाची एक रीत आहे, बाहेरच्या माणसाला माहीत नसते. पगार मुलं देतात, म्हणून अहवालही मुलांना जातो. संध्याकाळी फोनवर बोलून पाठवायचं: आज काय खाल्लं, किती चालल्या, शौचाला झाली का. लिहायला मला वेळ लागतो, म्हणून मी आवाजच पाठवायची. गॅलरीत जाऊन पाठवायची, पेशंटसमोर नको म्हणून. त्यात मी खरं तेच सांगते. कामातली माझी ख्यातीच ती होती. इतर बायका मुलांना बरं वाटेल ते सांगतात. मी नाही.

तर मी अनघाला सांगितलं, "गुडघा चांगला झालाय. ताईंच्या मनातच नाही. जिन्यापाशी आल्या की अंग टाकतात." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यात असंही सांगितलं, की तुमच्या आईला भीती बसली आहे, आणि या वयात बसलेली भीती निघत नाही. हे मला कोणी विचारलं नव्हतं.

दीड महिन्यांनी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. बाहेर गर्दी. डॉक्टरांनी समोरून आणि बाजूने काढलेले एक्स-रेचे फोटो पाहिले आणि म्हणाले, "एकदम छान बसलंय. दुखतं का?"

शरयूताईंनी तोंड उघडलं, तोवर मीच बोलले. "थोडं दुखतं, पण व्यायामाला कंटाळा करतात." पेशंट अडखळतात, डॉक्टरांना वेळ नसतो, म्हणून पेशंटच्या वतीने बोलायची मला सवय. डॉक्टरही मला दवाखान्यातल्या दिवसांपासून ओळखत होते. ते शरयूताईंना म्हणाले, "मावशी सांगतील तसं करा. त्यांना सगळं कळतं." आणि आम्ही बाहेर आलो.

रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "मी कंटाळा करत नाही, यमुनाबाई."

मी म्हटलं, "मग उतरून दाखवा."

त्या रोज प्रयत्न करत होत्या. हे मी तेव्हाही बघत होते, पण मी पायऱ्या मोजत होते. पाच. सहा. परत चार.

अडीच महिन्यांनी अनघा आली. तोवर तिने घराला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. आली त्या दिवशी आईला म्हणाली, "चल, उतर." शरयूताई नऊ पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. घामाने ब्लाउज भिजला होता. अनघा म्हणाली, "आई, राहू दे." दुसऱ्या दिवशी तिने विसार घेतला.

बंगळुरूला जाण्याआधी डॉक्टरांना शेवटचं दाखवायचं म्हणून आम्ही तिघी गेलो. या वेळी गर्दी कमी होती. सवयीने मी बोलायला लागले तर डॉक्टरांनी हात वर केला. "मावशी, त्यांना सांगू दे."

शरयूताईंनी एक बोट वाटीवर ठेवलं. "इथे. उतरताना. खुर्चीतून उठतानाही. चालताना काही नाही. नऊ पायऱ्या उतरते, मग थांबते."

डॉक्टरांनी स्वतः पाय वाकवला, वाटीवर तळवा ठेवून. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. वाटी सरकली तेव्हा ते थांबले. पुन्हा वाकवला. मग गुडघा वाकवून वरच्या बाजूने एक फोटो काढायला सांगितला. असा फोटो मी दवाखान्यात कधीतरी पाहिला असेन, लक्ष दिलं नव्हतं.

फोटो भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर लावून त्यांनी आम्हाला दाखवला. वाटी वरून बघितली तर घराच्या कौलारू छपरासारखी दिसते. मध्ये आढं, दोन्हीकडे उतार. मांडीच्या हाडाला एक पन्हळ असते, त्यात ते आढं बसतं आणि पाय वाकला की खालीवर घसरतं. डॉक्टर म्हणाले, "काहींचे दोन्ही उतार सारखे असतात. यांचं बघा. बाहेरचा उतार लांबलचक, आतला अगदी तोकडा, जवळजवळ उभाच. वाटी बाहेर कललेली आहे. जन्मापासून अशीच. पन्हळीत सरळ बसत नाही, म्हणून वाकताना बाहेर जाते."

अनघाने विचारलं, "म्हणजे त्यामुळे दुखतंय?"

"त्यामुळेच, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. गुडघ्याची बरीच कारणं असतात. पण आपण आतली बाजू बदलली, वाटी तशीच ठेवली. अशी वाटी असली की समोरचं दुखणं थांबायला काहींना जास्त वेळ लागतो. जिन्याला सगळ्यात जास्त. मांडीचे स्नायू हळूहळू तयार करायचे, जोर करून जास्त वाकवायचं नाही. घाई केली की सूज येते आणि माणूस मागे पडतो."

"किती वेळ?"

"आणखी चार-सहा महिने धरा. उतरतील बहुतेक. नऊ पायऱ्या उतरतात म्हणता ना? अशा वाटीवर नऊ म्हणजे चांगल्या आहेत."

मग अनघा माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्ही तर रोज सांगत होतात, मनातच नाही म्हणून."

मी म्हटलं, "हो. सांगत होते."

"विसार घेतलाय मी."

"माहीत आहे."

शरयूताई भिंतीवरचा फोटो बघत होत्या. स्वतःच्या गुडघ्याचा. म्हणाल्या, "तिरकीच आहे की." एवढंच.

घरी आल्यावर मायलेकींचं दार लावून बोलणं झालं. मी ऐकलं नाही. बाहेर आल्यावर अनघा मला म्हणाली, विसार परत करता येतो, पण तिची हिंमत होत नाही. सहा महिने आईला इथे एकटं ठेवायचं आणि नंतरही नाही जमलं तर? माझ्या बोलण्यावर तिने मन घट्ट केलं होतं, ते आता मोकळं होत नव्हतं. मी म्हटलं, "मी राहते सहा महिने. पगार नको." ती म्हणाली, "मावशी, आता नको." तिचं बरोबर होतं. माझ्या शब्दावर दुसऱ्यांदा कोण विश्वास ठेवणार?

जायच्या दिवशी सामान आधी खाली गेलं. शरयूताईंना खुर्चीत बसवून उतरवायला दोन माणसं बोलावली होती. त्यांनी त्यांना परत पाठवलं. "मी उतरते," म्हणाल्या. अनघा खाली गाडीपाशी होती. मी त्यांच्या एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून उलटी उतरत होते, एक हात त्यांच्या कमरेला, दुसरा कठड्यावर. या वेळी मी पायऱ्या मोजल्या नाहीत. पाऊल सरळ करा असंही म्हटलं नाही. त्या पाऊल जरा बाहेर ठेवत होत्या, आणि त्यांना तसं कमी दुखत होतं.

पहिल्या मजल्यावर त्या थांबल्या. मी म्हटलं, "बसता का? स्टूल आणते."

"नको." त्यांनी श्वास घेतला. "मला ऐकू यायचं, यमुनाबाई. गॅलरीत जाऊन तुम्ही अनघाशी बोलायचात ते. खिडकी उघडी असायची."

मग मी विचारलं, "रोज?"

"रोज."

"मग मला बोलला का नाहीत? भांडायचं होतं. वेणूबाय असती तर माझं तोंड फोडलं असतं."

"काय भांडणार?" त्या म्हणाल्या. "तुम्ही इतके गुडघे पाहिलेत. मी हा एकच. थोडे दिवस राग आला. मग वाटायला लागलं, तुम्ही म्हणता तेच खरं असेल. दुखत नसेलच मला. मीच करत असेन." त्यांनी कपाळ पुसलं. "रात्री पाय हलवून बघायची मी, खरंच दुखतंय का ते."

माफी मागायची मला सवय नाही. त्या दिवशीही मागितली नाही. मी ती मागावी असं त्यांनीही दाखवलं नाही. मी म्हटलं, "हात इथे ठेवा. उतरा."

बाकीच्या पायऱ्या आम्ही एकेक करून उतरलो. मध्ये तीनदा थांबलो. खालच्या मजल्यावरची एक बाई दार उघडून म्हणाली, "टिपणीसबाई, निघालात?" त्या म्हणाल्या, "हो." शेवटची पायरी उतरल्यावर त्यांनी वळून वर एकदा जिना बघितला. अनघाने धावत येऊन आईचा दंड धरला. ती रडत होती. शरयूताई म्हणाल्या, "रडू नकोस, उतरले ना," आणि गाडीत बसल्या. पाय आत घेताना त्यांनी वाटीवर हात ठेवला होता. माझ्याकडे बघून मान हलवली. गाडी पळस्प्याच्या दिशेने, हायवेकडे गेली.

माझी पिशवी वरच राहिली होती. ती आणायला मी परत गेले. चौतीस पायऱ्या. मधे कुठे थांबले नाही. एक मिनिटही लागलं नाही.